दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर एक, हिशेब चार

कोजागरीच्या रात्री समाजाच्या गच्चीवर दूध आटत होते आणि गप्पा नेहमीप्रमाणे अमेरिकेवर आल्या. आपल्या सभासदांपैकी किती घरांतली मुले तिकडे आहेत हे वेगळे सांगायला नको. कोणीतरी सहज विचारले, "इंदूरहून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचायला हल्ली किती वेळ लागतो हो?" एक जण म्हणाले, सोळा तास. दुसरे म्हणाले, छे, अठरा धरा. दुबईमार्गे जाऊन आलेले तिसरे म्हणाले, एक अख्खा दिवस जातो. एक वहिनी म्हणाल्या, "आम्हाला तर दोन दिवस लागले." दूध संपले, पण वाद काही संपला नाही.

आम्ही उभयतां यंदा मे महिन्यात नातवाच्या जन्मासाठी मुलीकडे गेलो होतो आणि सप्टेंबरअखेर परतलो. बँकेत सारी नोकरी गेल्यामुळे कागद जपून ठेवायची सवय आहे. त्या रात्री घरी आल्यावर तिकिटांची फाइल काढून आकडे मांडले, तेव्हा लक्षात आले की चौघेही बरोबर होते. चौघे चार वेगळ्या गोष्टी मोजत होते, एवढेच. हा हिशेब आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे, म्हणून येथे मांडत आहोत.

दोऱ्याचे अंतर

घरात पृथ्वीचा गोल असेल तर दिल्लीवर दोऱ्याचे एक टोक धरा आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ताणा. दोरा पॅसिफिकवरून आडवा जात नाही. तो हिमालय आणि तिबेट ओलांडतो, सैबेरियावरून आर्क्टिक समुद्राच्या कडेला लागतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले तर चौदा तासांपेक्षा थोडे कमी होतात. नकाशाचे म्हणून जे अंतर आपण म्हणतो ते हे.

पण या दोऱ्यावरून विमान जात नाही. पहिली अडचण तिबेटचीच आहे. विमानाच्या आत हवेचा दाब काही कारणाने गेला तर वैमानिकाला लगेच सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू थोडी मिनिटेच पुरतो. तिबेटचे पठारच त्याहून उंच आहे. खाली यायला जागा नाही, म्हणून लांबच्या विमानांच्या वाटा सहसा त्याला वळसा घालून जातात.

आपल्या इंदूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. इंदूर ते मुंबई हवेतून पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण आपली अवंतिका एक्स्प्रेस रतलाम, बडोदा करीत आठशेहून जास्त किलोमीटर धावते. मनमाडला जाणारी सरळ रेल्वे मागता मागता आपल्या वडिलांची पिढी गेली. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला, १८,०३६ कोटी रुपयांच्या खर्चासह, मंजुरी दिली. दोन गावे जवळ असणे वेगळे आणि त्यांच्यामध्ये वाट असणे वेगळे, हे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत.

वाऱ्याचा हिशेब

दुसरी गोष्ट वाऱ्याची. विमाने ज्या उंचीवर उडतात तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते पाठीशी असले की वेळ वाचतो आणि समोरून आले की वाढतो.

याचे उत्तम उदाहरण याच मार्गाचे आहे. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ते अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने विमान उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरीही ते विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले. वाट लांब झाली आणि वेळ कमी झाला. बँकेत आम्ही ग्राहकांना सांगत असू की नुसता व्याजदर पाहू नका, हाती काय पडते ते पाहा. तसेच हे आहे.

त्यात घड्याळाची गंमत वेगळीच. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेतेरा. पहाटे चारला दिल्लीहून निघून सोळा तास उडालात, तर त्याच तारखेला सकाळी साडेसातला तिथे उतरता. सौ. म्हणाली, "साडेतीन तासांतच आलो की!" येताना मात्र सकाळी अकराला निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला दिल्ली. घड्याळात साडेअठ्ठावीस तास गेलेले दिसतात. प्रवास दोन्ही वेळा सोळाच तासांचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी औषधांच्या वेळा तिकिटावरच्या घड्याळावरून ठरवू नयेत, मधल्या तासांवरून ठरवाव्यात.

आकाश कोणाचे?

डोंगर आणि वारा यांच्याशी कोणाचे भांडण नाही. खरा प्रश्न तिसऱ्या गोष्टीचा आहे आणि यंदा तोच आपल्याला भोवला.

डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात पहिलेच कलम असे आहे की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असते. कोणाच्या आकाशातून जायचे तर त्याची परवानगी लागते आणि बहुतेक ठिकाणी शुल्कही द्यावे लागते. वाटेतला एक देश नाही म्हणाला की सगळा मार्ग बदलतो.

हे नवीन नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बंद असल्यामुळे युरोपातून जपानला जाणारी विमाने अलास्कातल्या अँकरेजला थांबून जात. आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केले, ते १६ जुलैला उघडले. त्या काळात एका भारतीय कंपनीच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावे लागत होते. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचा तोटा ४९१ कोटी रुपये झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. आकाश उघडल्यावर महिन्याभरात, १५ ऑगस्ट २०१९ रोजी, एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान उत्तर ध्रुवाकडच्या वाटेने नेले. वाट मिळाली की माणूस किती लवकर तिचा उपयोग करतो ते यातून दिसते.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. रशियाचे आकाश अमेरिकी, कॅनडाच्या आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना उघडे राहिले. युनायटेड या अमेरिकी कंपनीने त्या मार्चमध्ये आपली दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा थांबवली, एअर इंडियाची चालू राहिली. पण उघड्या वाटेलाही किंमत असते. जून २०२३ मध्ये एअर इंडियाच्या याच मार्गावरच्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि २१६ प्रवाशांना घेऊन ते रशियाच्या अतिपूर्वेला मगादान येथे उतरले. सगळ्यांना पुढे न्यायला मुंबईहून दुसरे विमान पाठवावे लागले, त्यात दोन दिवस गेले.

आणि यंदाचे आपण सारे जाणतोच. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला, २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना केले. तेव्हापासून दोन्हीकडून महिन्या-महिन्याने मुदत वाढत आली आहे. उत्तर भारतातून वायव्येकडे जाणारे दार बंद झाल्यामुळे युरोपची विमाने आधी अरबी समुद्राकडे वळतात. उत्तर अमेरिकेच्या फेऱ्यांना साधारण दीड तास जास्त लागत असल्याच्या बातम्या सुरुवातीलाच आल्या. काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरू लागली. एअर इंडियाने १ सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली आणि त्याच्या कारणांत विमानांच्या नूतनीकरणाबरोबर हे बंद आकाशही सांगितले.

यात एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. ही बंदी भारतीय कंपन्यांना आहे, परदेशी कंपन्यांना नाही. एकाच दिवशी दिल्लीहून लंडनला निघालेल्या दोन विमानांपैकी ब्रिटिश विमान पाकिस्तानवरून जाऊ शकते, भारतीय विमान वळसा घालते. रशियावर नेमके उलटे आहे. म्हणजे दोन शहरांमधले अंतर आता शेपटीवर कोणत्या देशाचे विमान आहे यावर ठरते. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात हे शिकवले नव्हते.

तोटा दोघांचाही आहे. ही बंदी वर्षभर चालली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल असा एअर इंडियाचा अंदाज मे महिन्यात प्रसिद्ध झाला होता. पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयानेही तिथल्या संसदेत ३० जूनपर्यंत ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न बुडाल्याचे सांगितले. देशाच्या सुरक्षेच्या निर्णयावर आम्ही वाद घालणार नाही, तो आमचा अधिकारही नाही. पण तोटा शेवटी कोणत्या खात्यात नावे पडतो हे पाहायची आमची सवय आहे. थोडा सरकारच्या, थोडा कंपनीच्या आणि उरलेला प्रवाशाच्या. प्रवाशाचा हिस्सा मात्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, कारण तो वेळेत आणि शरीराच्या थकव्यात भरावा लागतो.

घरापासून घरापर्यंत

आता आमच्या फाइलचा हिशेब. जाताना तिकिटावर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सोळा तास होते. आम्ही सुदामा नगरातल्या घरातून निघाल्यापासून मोजले. विमानतळापर्यंत अर्धा तास, तेथे दोन तास, दिल्लीपर्यंत दीड तास, दिल्लीत सहा तास, मग ते सोळा, तिकडे इमिग्रेशन आणि सामान दीड तास, मुलीच्या घरापर्यंत एक तास. बेरीज साडेअठ्ठावीस तास. कोजागरीच्या वादातले सोळा आणि हे साडेअठ्ठावीस, दोन्ही खरे.

परतताना विमान इंधनासाठी मध्ये एका विमानतळावर उतरले. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष कोणा एकाचा नव्हता. अर्धा-पाऊण तास लागेल असे सांगितले आणि सव्वादोन तास आम्ही जागेवरच बसून होतो. सौ.चे पाय सुजले. दिल्लीला उतरलो तेव्हा इंदूरचे शेवटचे विमान गेलेले. ते तिकीट आम्ही चार पैसे वाचवायला वेगळे, दुसऱ्या कंपनीचे काढले होते, त्यामुळे जबाबदारी कोणाचीच नव्हती. रात्र दिल्लीत काढली, सकाळचे नवे तिकीट काढले. वाचवलेल्या चार पैशांचे आठ गेले. साऱ्या नोकरीत लोकांना जोखीम समजावून सांगितली आणि स्वतःच्या तिकिटात ती दिसली नाही, याची लाज वाटते, म्हणूनच लिहिले.

यावरून आम्ही ठरवले ते असे. इंदूरपासून शेवटपर्यंत एकच तिकीट, एकाच आरक्षण क्रमांकावर, म्हणजे मधले विमान चुकले तर पुढची सोय कंपनीने पाहावी. दिल्लीत किमान पाच-सहा तास. औषधे दोन दिवसांची जास्त, हातातल्या पिशवीत. व्हीलचेअर आधी मागून ठेवावी, त्यात कमीपणा नाही. आणि तिकीट काढतानाच विचारावे की विमान मध्ये उतरते का. एप्रिलअखेर डीजीसीएने कंपन्यांना सूचना दिली आहे की बदललेला मार्ग, वाढलेला वेळ आणि मधला थांबा प्रवाशांना आधी सांगावा. तेव्हा विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आखातातून जाणे सुरक्षित, असे काही मंडळी म्हणतात. एरवी ते सोयीचे आहेच. पण याच जूनमध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराण आणि इराकचे आकाश बंद झाले आणि २३ तारखेच्या रात्री कतारनेही काही तास आपले आकाश बंद केले. दोह्याकडे निघालेली विमाने वाटेतून वळली. हमी कोणत्याच वाटेची नाही. म्हणून ज्या दिवशी पोहोचलेच पाहिजे त्याच्या आदल्या दिवशी पोहोचण्याचे तिकीट काढू नये, निदान तीन दिवस हातचे ठेवावेत. आमच्या नातवाने मात्र आमच्या हिशेबाला न जुमानता आम्ही पोहोचायच्या आदल्या दिवशीच जन्म घेतला. मुलीने आम्हाला दाराशी पाहिले आणि रडली. आम्ही तिला काय सांगणार, पाकिस्तानचे आकाश बंद होते म्हणून?

ज्याबद्दल आपण बोलत नाही

आता एक अवघड गोष्ट. लिहावी की नाही यावर आम्ही उभयतांनी पुष्कळ विचार केला.

यंदाच्या पावसाळ्यात आपल्या समाजातले एक ज्येष्ठ गेले. नाव सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मुलगा कॅलिफोर्नियात. फोन गेल्यापासून चार तासांत तो विमानतळावर होता. मिळेल त्या तिकिटाने निघाला, दोन ठिकाणी बदलून. घरी सगळे हिशेब करीत होते, सोळा तास, वीस तास, उद्या दुपारपर्यंत येईल. आम्ही त्या घरी होतो म्हणून सांगतो, शोकाच्या घरात असे हिशेब होताना ऐकणे फार वाईट असते. देह बर्फाच्या पेटीत होता. दुपार झाली, संध्याकाळ झाली. दुसरे विमान उशिरा सुटल्याचा निरोप आला. कोणी म्हणत होते थांबा, मुलगा एकच आहे. कोणी म्हणत होते अजून किती थांबवायचे त्यांना. वहिनींना कोणी विचारत नव्हते आणि विचारले असते तरी त्या काय सांगणार होत्या? शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने अग्नी दिला. मुलगा दुपारी पोहोचला.

तो आम्हाला म्हणाला, "काका, मी दिल्लीत होतो तेव्हा. फक्त दिल्लीत होतो."

दिल्ली इंदूरपासून हवेतून ६६० किलोमीटर आहे. साडेबारा हजार किलोमीटर पार करून आलेल्या मुलाला तेवढे शेवटचे अंतर पुरले नाही. पण खरे सांगायचे तर अंतर त्याला आधीच अपुरे पडले होते, आणि त्या घराला ते अंतर नीट माहीत नव्हते. सगळे तिकिटावरचे सोळा तास धरून बसले होते. कोणी साडेअठ्ठावीस धरले नव्हते, तातडीच्या तिकिटाचे, बदलाचे, उशिराचे तास तर नाहीच.

आमच्या मते या पिढीतल्या आईवडिलांनी हा निर्णय मुलांवर किंवा शेजाऱ्यांवर सोडू नये. आपण धडधाकट असतानाच सांगून ठेवावे. थांबायचे असेल तर किती थांबायचे, नसेल तर अग्नी कोणी द्यायचा, मुलीने दिला तर चालेल का, मुलाने मोबाइलवर पाहिले तर चालेल का. बँकेत नामनिर्देशनाचा फॉर्म भरून घेताना लोक बिचकत असत, "आताच कशाला?" म्हणत. ज्यांनी भरला त्यांच्या घरच्यांना पुढे त्रास झाला नाही. हेही तसेच आहे.

समाजाच्या कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे. परदेशी प्रवास करून आलेल्या सभासदांकडून घरापासून घरापर्यंत लागलेल्या वेळेची आणि वाटेची साधी नोंदवही ठेवावी. कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने, कुठे थांबा, एकूण किती तास. दर तीन-चार महिन्यांनी ती ताजी करावी, कारण आकाशाचे दार कधी उघडेल आणि कधी लागेल हे आपल्या हातात नाही. पहिली नोंद आमची धरावी : मे २०२५, जाताना साडेअठ्ठावीस तास, आणि सप्टेंबर २०२५, येताना एक रात्र दिल्लीत धरून सुमारे चव्वेचाळीस.

आम्ही दोघांनी मुलीला नवरात्रात फोनवर सांगितले, आमच्यापैकी कोणीही गेले तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच थांबायचे. तोवर पोहोचलीस तर तूच अग्नी दे. नाही पोहोचलीस तर मनाला लावून घेऊ नकोस, सावकाश ये, बाळाला घेऊन ये. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, तिकीट एकच काढीन, इंदूरपर्यंतचं."